किंचाळणारी पेटी

यानिना, ४ ऑक्टोबर

स्तेर्यो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. निदान पोस्टमन तरी दार वाजवेल.

आधी तुझ्या आईचं सांगते. बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं शाबूत, जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार. रविवारी जेवण झालं की फोनजवळची खुर्ची धरून बसते. संध्याकाळ व्हायला लागली की उठते आणि म्हणते, "जर्मनीत रविवार बंद केलेला दिसतोय." मी सांगते, शिफ्ट असेल. त्यावर काय म्हणाली माहितीये? "दर रविवारी शिफ्ट? तो कारखान्यात कामाला आहे की कारखाना त्याच्या नावावर झालाय?" मला तरी कुठे काही माहीत आहे?

ईस्टरपासून कालपर्यंत मीही तुला फोन केला नाही, हे खरं. पण तू तरी काय केलंस ते आठव. मी विचारलं, "या वेळी सणाला येतोस का?" तू म्हणालास, "हो हो, इकडेही छान ऊन पडलंय." मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "आईला सांग, मी जेवलो." यायचं नसेल तर नाही म्हणावं माणसाने. हवामान कशाला सांगायचं? मी फोन ठेवून दिला, आणि त्यानंतर तुझाही आला नाही. आईच्या मते तिकडे दुसरी बाई असणार. मी म्हटलं, असेना का. म्हणायला काय जातं.

पण लिहायला बसले ते या कारणासाठी नाही.

काल आपल्या दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगी आली. मिर्सिनी तिचं नाव, पात्रासची आहे. स्वतः गाणी रचते, यंत्रांवर वाजवते, गावोगाव फिरते. बसमधून उतरून थेट आली होती. कडेवर पोर धरावं तसं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं तिने. म्हणाली, "तुम्हीच का हो वांथो?"

वांथो मला दोनच माणसं म्हणतात. एक तू, दुसरी तुझी आई.

"तुला हे नाव कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पेटीच्या पोटात लिहिलंय ना! स्तेर्यो आणि वांथो, यानिना. खूप किंचाळते हो. पंधरा जण ऐकायला आले होते, त्यातले सहा उठून गेले. म्हटलं, जिने जन्माला घातलीय तीच बघेल."

तिने घोंगडी सोडली. आपण दोघांनी बनवलेली पहिली पेटी होती, स्तेर्यो. अक्रोडाच्या लाकडाची, विजेवर गाणारी, डावा कोपरा जळालेली.

मी विचारलं, कुठे मिळाली. ती म्हणाली, श्टुटगार्टला कार्यक्रम होता, तिथे एका माणसाने विकली. मी म्हटलं, चोरीची असेल. ती म्हणाली, "नाही हो, त्यांनीच बनवलेली. थोडे तऱ्हेवाईक वाटले. भांडल्यासारखे बोलत होते. म्हणाले, मला आता हिचा काही उपयोग नाही."

मी तिला तेवढं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

पेटी ठेवून घेतली आहे. दुरुस्त करणार, कारण ते माझं काम आहे. तुझ्याकडून मला काही नको. फक्त एकदा सांग, तुझ्याने ती विकवली कशी?

इव्हान्थिया


यानिना, १३ ऑक्टोबर

स्तेर्यो,

उत्तर नाही. ठीक आहे. मी आता तुझ्याशी नाही, पेटीशी बोलते आहे. तू शेजारी उभा राहून ऐक.

आधी वाटलं, चिप गेली. या चिपा आता मिळत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी ज्या घरगुती संगणकांत त्या बसवत, ते संगणक आता माळ्यांवर धूळ खातात, नाहीतर भंगारात जातात. एकेक चिप म्हणजे एकेक म्हातारा गवई. ही तर आपण मरणाच्या दारातून ओढून आणलेली. बेकरीवाल्या झिसिसच्या मुलाने संगणकावर लिंबू सरबत सांडलं, झिसिसने तो आपल्या दारात आणून टाकला, "ठेवा, मला डोळ्यांसमोर नको" म्हणाला. तू चिप उपसलीस, दात घासायच्या ब्रशने तिचे अठ्ठावीस पाय धुतलेस आणि खिडकीत उन्हाला ठेवलीस. मी हसत होते. आठ दिवसांनी तिच्यातून पहिला सूर निघाला, तेव्हा मी हसत नव्हते.

तर चिप जिवंत आहे. तिचे तिन्ही आवाज मी वेगवेगळे वाजवून पाहिले. तिन्ही धडधाकट. वीज स्वच्छ येते आहे. पट्ट्या गंजल्या होत्या, त्या घासल्या. पोटातला धुरळा काढला. तरी शेवटी आवाज बाहेर आला की काच खरवडल्यासारखा. जी पेटी सनईसारखी घुमायची, खालच्या सुरावरून वरच्या सुरावर रडत रडत चढायची, ती आता सुई टोचल्यासारखी ओरडते.

तुझी आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "दारात मांजर चेंगरलं का गं?"

"नाही आई, तुमच्या मुलाची पेटी आहे."

ती काठी टेकत आली, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरी आलीय, म्हणजे तो विकायला लागलाय." मग परत गेली. त्या दिवशी जेवताना तिने मला एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मला तुझा राग येतो, स्तेर्यो. तू गेलास तेव्हा गाव रिकामं होत होतं. कुणाकडेच काम नव्हतं, हे मला समजत होतं. कुणीतरी आईजवळ राहायला हवं होतं आणि दुकानाला कुलूप लावायला आपण दोघंही तयार नव्हतो, म्हणून मी राहिले. बस सुटताना तू पेटी मांडीवर घेऊन बसला होतास. सामानाच्या कप्प्यात ठेवू दिली नाहीस, ड्रायव्हरशी भांडलास. तुझ्या खोलीत ती आहे, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. तू कुणाजवळ झोपतोस, काय खातोस, हे विचारण्याआधी मी मनात म्हणायचे, पेटी आहे त्याच्याजवळ.

उद्या आवाज बाहेर पडतो तो शेवटचा भाग उघडते. बिघाड तिथेच असणार.

वांथो


यानिना, २५ ऑक्टोबर, संत दिमित्रिसच्या सणाच्या आदल्या दिवशी

स्तेर्यो,

बिघाड नव्हता.

मी शेवटचा भाग उघडला. सगळं जुनं काम माझं होतं, माझा डाख नेहमीसारखा भोंगळ. पण त्यात तीन ठिकाणी डाख नवा होता. लहान, चकचकीत, शेपूट नसलेला. तो कुणाचा हे मला कुणी सांगायला नको. तू एक रेझिस्टर बदलला होतास आणि दोन कपॅसिटर. सगळं एकाच दिशेने. बारीक, उंच आवाज वाढवायचा. मग आणखी वाढवायचा. मग जेवढा वाढेल तेवढा.

मला वाटलं, चेष्टा केलीस. नाहीतर कुणी जर्मन पोराने सांगितलं म्हणून केलंस. पण तू असा माणूस नाहीस. आपल्याच लग्नात तू नाचता नाचता थांबलास, सनईवाल्याकडे गेलास आणि म्हणालास, "मामा, तिसरं भोक नीट झाका, वाऱ्याचा आवाज येतोय." वऱ्हाड हसून लोळलं. ज्या माणसाला दहा टेबलांपलीकडून वारा ऐकू यायचा, तोच स्वतःची पेटी अशी किंचाळती करून ठेवेल?

मी टेबलाशी नुसती बसून राहिले. कॉफी गार झाली. आणि मग ते वाक्य कानात आलं. इकडेही छान ऊन पडलंय.

काय करते आहे ते मला नीट कळण्याआधीच मी उठले होते. कापसाचे बोळे कानात घातले. त्यावर तुझी लोकरीची टोपी ओढली, तिच्यावर ग्राइंडर चालवताना लावतो ते जाड कानझाकण. तुझ्या आईने दारातून पाहिलं आणि क्रॉसची खूण केली. मी पेटी सुरू केली आणि तो सनईचा चढ वाजवला.

स्तेर्यो, ती आपली पेटी होती. कर्कश नाही, काही नाही. पहिल्या दिवशी खिडकीशी वाजली होती तशीच, गोड, थोडी घोगरी, शेवटी हलकंसं रडू. तू ती बिघडवली नव्हतीस. ती तुझ्यापासून लांब लांब जात होती आणि तू तिला एकेक डाख देऊन जवळ ओढत होतास. शेवटच्या तीन डाखांनंतर ओढायला काही उरलं नसेल. मग विकलीस.

मी मिर्सिनीला फोन केला. म्हटलं, तो माणूस कसा होता ते पुन्हा सांग, काही वगळू नकोस.

ती म्हणाली, "सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला जरा विचित्रच वाटलं. मी वाजवत होते तेव्हा खिडकीबाहेर बघून मान डोलावत होते. मला वाटलं, किती समरस झालेत."

"मग?" मी विचारलं.

"मी थांबले, तरी ते मान डोलावतच राहिले."

मी आता काही विचारत नाही. तू फोन का उचलत नाहीस तेही विचारत नाही. एवढंच लिही, हो की नाही.

वांथो


यानिना, ९ नोव्हेंबर

माझ्या स्तेर्यो,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. नऊ वर्षांत तू मला पाठवलेला सगळ्यात लांब मजकूर, कारण एरवी तू बोलायचास.

लिहिलंयस: डावा कान गेला, उजवा भिंतीआडून ऐकल्यासारखा. कानाला यंत्र लावलं की माणसं थोडी कळतात, पण संगीताचा पत्रा होतो. येऊ नकोस. आईला सांगू नकोस. पेटी नीट करून त्या मुलीला दे. बहिऱ्या माणसाचा तुला आणि दुकानाला काय उपयोग.

एकेक करून उत्तर देते.

उपयोगाचं म्हणशील, तर मला उपयोगाची वस्तू हवी असती तर मी तेव्हाच लग्नाऐवजी चांगला मल्टिमीटर घेतला असता.

आईला मी सांगितलं नाही. तिनेच मला सांगितलं. मी तुझं कार्ड एप्रनच्या खिशात टाकून भाजी चिरत होते. ती म्हणाली, "बहिरा झालाय ना?"

मी सुरी खाली ठेवली.

"त्याचा बाप असाच गप्प झाला होता," ती म्हणाली. "पन्नाशीत. आधी बाजारात जायचं सोडलं, मग कॅफेत, मग माझ्याशी भांडायचंही सोडलं. मला वाटलं, मन उडालं. वर्षभर मी त्याला शिव्या घातल्या. त्याला त्यातली एकही ऐकू आली नाही, सगळ्या फुकट गेल्या."

मी रडायला लागले आणि ती हसायला लागली. मग आमची अदलाबदल झाली.

डोळे पुसून ती म्हणाली, "दुसरी बाई असती तर परवडलं असतं. तिला तरी हाकलता आलं असतं." आणि मग, "तू कधी निघतेस?"

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"मी काय पाळण्यातली आहे? खालच्या गल्लीतली थेओपीस्ती दुपारी सूप आणेल. ती येत नसली की मला तिची निंदा करता येते, आली की तोंडावर करीन. जा."

पेटीचं सांगते. तुझे तीन डाख मी काढले नाहीत. माझा हातच गेला नाही. शेजारून दुसरी वाट काढली आणि मागच्या बाजूला एक खटका बसवला. वर केला की जगासाठी, खाली केला की तुझ्यासाठी. मिर्सिनी परवा न्यायला आली, तेव्हा तिला दोन्ही ऐकवलं आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ खटक्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी ही नेऊ शकत नाही. ही तुमचीच आहे."

मी म्हटलं, "वेडी आहेस. कपाटात ठेवून काय लोणचं घालू? ने आणि वाजव. लोक उठून गेले तर मला कळव."

तिने जाण्याआधी दुकानातच वाजवून पाहिली, खटका वर करून. तुझी आई काठी घेऊन येऊन बसली. रस्त्यावरून जाणारा झिसिस दारात थबकला. आता केस उरले नाहीत त्याला. म्हणाला, "हे कुठलं रडगाणं लावलंय सकाळी सकाळी?" आणि जागचा हलला नाही. मी मात्र आत गेले. मला ती नीट ऐकू येत होती, स्तेर्यो. शेवटचा बारीक कंपसुद्धा. आणि ते ऐकणं मला सोसवेना.

येऊ नकोस म्हणालास, ते मी वाचलं. अक्षर वाईट आलंय, तेवढी ओळ मला लागली नाही.

तुझी वांथो


श्टुटगार्ट, डिसेंबर, तुझं स्वयंपाकघर

स्तेर्यो,

तू समोर पाठमोरा उभा राहून घेवडा ढवळतो आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. कालपासून ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेजारच्या बाईने दोनदा भिंत ठोकली. तुला कळलं नाही, मला लाज वाटली, आणि मग त्याचंच हसू आलं. म्हणून आता लेखी.

मला वाटलं होतं, दार तू उघडणारच नाहीस. घंटा दाबली आणि आत दिवा लुकलुकताना काचेतून दिसला. तेव्हा कळलं, तू घंटेच्या जागी दिवा जोडलायस. बोट आणि दोन गाड्या बदलून आलेली बाई तुझ्या दाराशी उभी राहून मनात म्हणाली, काम छान केलंय. मग तू आलास. बारीक झालायस. तू माझ्या ओठांकडे बघितलंस आणि मी काहीच बोलले नव्हते.

काल मी काय काय सांगितलं त्यातलं तुला किती पोचलं, ठाऊक नाही. मुद्द्याचं पुन्हा लिहिते.

तू अंघोळीला गेलास तेव्हा मी पलंगाखाली पाहिलं. हो, पाहिलं. झाडू मारत होते असं समज. तिथे खोक्यात सहा पाट्या आहेत, चिपा बसवून, जोडून, पुसून ठेवलेल्या. या वर्षीच्या आहेत, धातू अजून काळा पडलेला नाही. म्हणजे हात थांबले नव्हते. आवाजाची लाट पडद्यावर डोळ्यांनी बघून तू जोडत होतास, आणि पूर्ण झाली की वाजवून बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून खाली सारत होतास. एकीलाही लाकडी पेटीत बसवलेलं नाहीस.

माझं म्हणणं साधं आहे. तू बघ आणि जोड. मी ऐकते. माझे कान तुझ्यासारखे कधीच नव्हते, दहा टेबलांवरून मला वारा ऐकू येणार नाही. पण तीस वर्षं तू माझ्याशेजारी बसून "हे कच्चं आहे, हे पक्कं आहे" म्हणत होतास, त्यातलं निम्मं तरी माझ्यात उतरलं असेल. मी चुकले तर पेटी थोडी बेसूर होईल. होऊ दे.

इथलं आवरायला तुला ख्रिसमसपर्यंत वेळ लागेल, ते मी धरून चालले आहे. तोवर मी थांबते. नंतर दोघं जाऊ. आई दारातच तुला चार शिव्या घालेल. तिला त्या हातवारे करून घालायला मी शिकवलं आहे. यातलं काहीही मनाविरुद्ध असेल तर तसं सांग, मी भांडायच्या तयारीनेच आले आहे.

आज सकाळी हेच मी विचारलं, तेव्हा तू मान हलवलीस. होकारार्थी. मी पाहिलं. पण काल दार उघडल्यापासून तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस. मान हलवतोस, हाताने दाखवतोस, वर्तमानपत्राच्या कडेला लिहितोस. आधी मला वाटलं, राग आहे. मग दुपारी मी बाहेर रस्त्यावर थांबले, आत दुकानात तू पाव मागितलास, आणि रांगेतली माणसं तुझ्याकडे पाहायला लागली. तुझा चेहरा पडला तो मी काचेतून पाहिला. आवाज केवढा लागतो, शब्द कुठे तुटतो, हे तुला कळत नाही, म्हणून तू माझ्यासमोर तोंड मिटून बसला आहेस. असंच ना?

स्तेर्यो, मी आठ महिने तुझा आवाज ऐकलेला नाही. मी यानिनात रेडिओ लावून ठेवायचे, त्यात कुणी तुझ्यासारखं खाकरलं तरी हातातलं काम टाकून उभी राहायचे. मी एवढी लांब तुझी मान हलताना बघायला आले नाही.

आता हे वाचून झालं की पेन मागू नकोस. मोठ्याने बोल, घोगरं बोल, शब्दांची शेपटं गिळ. भिंत ठोकू दे तिला. काहीही बोल. घेवडा शिजला की नाही तेवढं सांग.

मला ऐकू येतं.

वांथो